चार तळहातांवरची गाडी

वाईहून एका भगिनींचं पत्र आलं आहे. त्या पाचगणीला शाळेत शिकवतात आणि रोज पसरणीचा घाट स्वतः गाडी चालवत चढतात-उतरतात. गाडी आहे ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन. एक लिटरचं टर्बो इंजिन, दिसायला लहान पण अंगात रग असलेली. २०२१ च्या शेवटी घेतलेली. आता टायर बदलायला झाले आहेत. भावोजींचं म्हणणं, "वहिनी, घालायचेच तर सतरा इंची रुंद परफॉर्मन्स टायर घाला, गाडीला शोभतात." यजमान म्हणतात, टायर तो टायर, स्वस्त बघून घे. आणि दुकानात गेलं की दुकानदार सगळं बोलतो ते भावोजींशी. "मागच्या सीटवर माझी दोन मुलं असतात आणि घाटात पाऊस असतो. मी कोणाचं ऐकू?" असं त्या विचारतात.

बाई, आधी टायरच वाचून बघा, मग ठरवा कोणाचं ऐकायचं ते. साडीचा पोत आपण बोटांनी ओळखतो, तूरडाळ हातावर घेऊन पारखतो. टायरच्या अंगावर तर सगळं छापूनच दिलेलं असतं!

या गाडीचं माप १९५/५५ आर १६. पुढे ८७ व्ही किंवा ८७ एच असं काहीतरी असेल. १९५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे त्या रुंदीच्या पंचावन्न टक्के इतकी टायरच्या भिंतीची उंची. गणित केलंत तर १०७ मिलिमीटर येईल. आर म्हणजे रेडियल आणि १६ हा रिमचा इंचातला व्यास. ८७ हा आकडा वजनाचा. तक्त्यात त्याचा अर्थ आहे, एका टायरला ५४५ किलो. शेवटचं अक्षर वेगाचं: टी असेल तर ताशी १९०, एच २१०, व्ही २४० किलोमीटर. एवढ्या वेगाने आपल्याला कुठे जायचंय, असं वाटेल. पण वरच्या अक्षराचा टायर उष्णता जास्त सोसतो. म्हणून कंपनीने दिलेल्या अक्षराच्या आणि आकड्याच्या खाली कधी उतरू नये.

आता भावोजींचा टायर. २०५/४५ आर १७ घातला तर चाकाची एकूण उंची ६२१ ऐवजी ६१६ मिलिमीटर होते. फरक नगण्य, वेगाचा काटाही फारसा चुकत नाही. तेवढ्यापुरते भावोजी बरोबर आहेत. पण भिंत १०७ वरून ९२ वर येते. तेवढं पंधरा मिलिमीटर रबर आणि हवा खड्ड्याचा दणका झेलत होती! ती गेली की दणका रिमला, रिमचा पाठीला. भिंतीला फुगवटा येतो, रिम वाकते. शिवाय या मापात पुष्कळदा ८४ आकड्याचे टायर मिळतात, म्हणजे ५०० किलो. सामान आणि माणसं भरून महाबळेश्वरला निघालेल्या गाडीला ते पत्करायचं कशाला? नव्या रिमांचा खर्च वेगळाच, आणि कंपनीच्या पुस्तिकेबाहेरचं माप घातलं तर विम्याच्या वेळी कोणी बोट ठेवायला नको. सपाट, कोरड्या रस्त्यावर वळणाची मजा थोडी वाढते, हे खरं. पण पसरणीचा घाट काही शर्यतीचा रस्ता नव्हे. मी तर १९५/५५ आर १६ च ठेवा म्हणेन.

माप तेच ठेवून टायर मात्र चांगला घ्या. इथे यजमानांचं मी ऐकणार नाही. चालत्या गाडीचा एकेक टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढा टेकलेला असतो. सगळा संसार त्या चार तळहातांवर! ब्रेक कितीही उत्तम असले, एबीएस असलं, तरी शेवटी रस्ता धरतं ते हे रबर.

न्हाणीघरात घालायच्या चपला आठवा. कडक तळव्याची चप्पल वर्षानुवर्षं टिकते पण ओल्या फरशीवर घसरते. मऊ तळव्याची धरून ठेवते, पण लवकर झिजते. टायरचंही तेच. काही टायरांवर इंग्रजीत 'ट्रेडवेअर' असा शब्द आणि पुढे आकडा असतो. २०० च्या आसपासचा फार मऊ, हौशी शर्यतवाल्यांचा. ३०० च्या जवळपासचा जोरकस पण रोज वापरण्यासारखा. ४००-५०० चा टिकाऊ. हा आकडा ज्याची त्याची कंपनीच ठरवते, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून भांडण लावू नका. त्याच्याजवळच 'ट्रॅक्शन'चं अक्षर असतं, ते ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक लावल्यावरच्या पकडीचं. दुहेरी ए सर्वात वर, मग ए, बी, सी. घाटवाल्या बाईने ए च्या खाली बघूच नये.

पकड आणि टिकाऊपणा दोन्ही थोडंथोडं देणारी एक वस्तू म्हणजे सिलिका. रबरात नुसती काजळी न घालता सिलिका मिसळली की ओल्या रस्त्यावरची पकड सुधारते आणि गाडी घरंगळायला जड होत नाही, पेट्रोल वाचतं. मिशेलिनने १९९२ साली असे टायर आणले, पुढे इतरांनीही धरले. दुकानदाराला सरळ विचारा: ओल्या रस्त्याची पकड चांगली कोणत्यात, आणि रुंद खाचा किती? खाचा पाणी बाहेर फेकतात. त्या झिजल्या की टायर पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग हलकं होतं आणि गाडी आपलं ऐकेनाशी होते.

खाचांची खोली घरीच बघता येते. काडेपेटीची काडी खाचेत उभी घाला, नखाने खूण करा आणि मुलांच्या पट्टीवर मोजा. नवा टायर साधारण आठ मिलिमीटर असतो. खाचेच्या तळाशी लहान उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे, तिथवर झिजला की टायर संपला. पण घाटातल्या पावसासाठी मी तीन मिलिमीटरलाच निरोप द्या म्हणते.

परदेशी माहितीत 'समर टायर' वाचून घाबरू नका. तो पावसातही चालतो. साधारण सात अंशांच्या खालच्या थंडीत त्याचं रबर कडक होतं, एवढंच. आपल्याला 'विंटर' टायरशी काही कर्तव्य नाही.

दुकानात आणखी एक गोष्ट हट्टाने बघा. टायरच्या भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. १४२५ असेल तर २०२५ सालच्या चौदाव्या आठवड्यातला टायर. आपण ब्रेडवरची तारीख बघतो ना, तसंच. जुना माल सवलतीत खपवायचा प्रयत्न होतो. पाच वर्षांनंतर टायर दर वर्षी जाणत्याला दाखवावा आणि दहा वर्षांनंतर, खाचा शाबूत असल्या तरी, काढून टाकावा. किमतीचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिल नीट वाचा. कोणी नायट्रोजन भरण्याचे जादा पैसे मागेल. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजन असतोच, हे पाचवी-सहावीच्या मुलांनाही ठाऊक असतं. त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी, टायर गार असताना, दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत दिलेली हवा तपासा.

पैशाच्या ओढीमुळे दोनच टायर घ्यायचे झाले तर? गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाते, म्हणून दुकानदार नवे पुढे घालायला निघेल. नको म्हणा. नवे मागे घालायला सांगा. पुढची चाकं घसरली तर वेग कमी केल्यावर बहुधा सावरतात. ओल्या वळणावर मागची घसरली की गाडी गर्रकन फिरते, आणि आपल्यासारख्या रोजच्या चालवणाऱ्याला सावरता येत नाही. मुलंही मागेच बसलेली असतात.

टायरवर बाण असेल तर फिरण्याची दिशा, आणि 'आउटसाइड' लिहिलेलं असेल तर ती बाजू बाहेर, हे तिथेच उभं राहून बघा. अलाइनमेंट, बॅलन्सिंग करूनच गाडी ताब्यात घ्या. नवा टायर साच्यातून निघालेला, किंचित गुळगुळीत असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर सबुरीने चालवा, जमलं तर घाट टाळून.

आणि डिकीतली स्टेपनी काढून तिचे चार आकडे वाचा, हवा भरून घ्या. ती बाकीच्या चाकांपेक्षा लहान मापाची असली तर पंक्चर काढायच्या दुकानापर्यंतच वापरा आणि तिच्यावर लिहिलेला वेग ओलांडू नका.