तीन महिने लपवा, पण दवाखान्यापासून नको



घरात दिवस गेल्याची बातमी कळली की सुनेला पहिला सल्ला मिळतो तो गप्प राहण्याचा. ‘तीन महिने भरू दे, मग सांगू. दृष्ट लागते.’ आपण ख्रिस्ती माणसे दृष्ट मानत नाही म्हणतो, पण हा सल्ला आपल्याही घरांत चालतो. शेजारपाजाऱ्यांना कधी सांगायचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण या लपवाछपवीत दवाखान्यातली नोंदणीही लांबते. माझा आक्षेप तेवढ्यावरच आहे.

गरोदरपणातल्या मधुमेहाची तपासणी पहिल्याच भेटीत व्हावी, असे केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याच्या सूचना सांगतात. सगळ्याच गरोदर बायकांची. ‘आमच्याकडे कुणाला शुगर नाही’ म्हणून कुणाला सूट नाही. तपासणी साधी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. उपाशीपोटी जायची गरज नाही. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर उपचार सुरू. पहिल्यांदा आकडा ठीक आला तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा तपासायचे.

एवढी घाई कशाला, असे कुणी विचारेल. बाळाचे अवयव पहिल्या तीन महिन्यांतच घडतात. आईला आधीपासून मधुमेह असेल आणि तो कुणाला ठाऊकच नसेल, तर नेमका तोच काळ हातचा जातो. पुढे बाळ प्रमाणाबाहेर वाढते, बाळंतपण अवघड होते, जन्मल्यावर बाळाची साखर एकदम खाली येऊ शकते. वेळेत कळले तर बहुतेकींचे जेवणातल्या बदलावर भागते. थोड्यांनाच औषध किंवा इन्सुलिन लागते.

दुसऱ्या तपासणीची आपल्याकडे वेगळीच अडचण होते. आपल्या कितीतरी सुनांचे माहेर बल्लारपूर, चंद्रपूर, सिरोंच्याकडचे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ताटभर गोडधोड होते आणि पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. २४ ते २८ आठवडे म्हणजे नेमके हेच दिवस! इकडच्यांना वाटते तिकडे करतील, तिकडच्यांना वाटते इकडे झाली असेल. राज्य बदलते, दवाखाना बदलतो, तपासणी राहून जाते. म्हणून डोहाळजेवणाची तारीख धरण्याआधी तपासणीची तारीख धरा, आणि माता-बाल संरक्षण कार्ड कपड्यांच्या आधी पिशवीत घाला.

अजून एक. शुगर निघाली म्हणून सुनेला बोल लावू नका. वारेतून येणारी संप्रेरके इन्सुलिनचे काम मंदावतात, त्यातून हा त्रास होतो. तिच्या माहेरच्यांनी फसवले, तिने गोड खाल्ले, असली भाषा बंद झाली तर बायका तपासणीला आपणहून येतील.

लूकच्या शुभवर्तमानात अलीशिबा पाच महिने एकांतात राहिली, आणि मरीया बातमी कळताच लगबगीने तिच्याकडे गेली व सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली. मला त्यातून एवढेच दिसते की गरोदर बाईला जवळ कुणीतरी जाणते माणूस लागते. आपल्या मंडळीतल्या महिला संघाने ते काम घ्यावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते. आधीच्या रविवारी पाळकांनी उपासनेनंतर कुणाचेही नाव न घेता आठवण करून द्यावी. ज्यांच्या घरी सोबतीला कुणी नाही, त्यांच्याबरोबर दोघी बायकांनी जावे. शेजारच्या हिंदू-मुस्लिम भगिनींनाही हाक मारावी. आणि नवऱ्यांनो, ते दोन तास बाकावर तुम्हीही बसा.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी अशा आईची पुन्हा तपासणी लागते, कारण पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका तिला जास्त असतो. बारसे किंवा बाप्तिस्मा ठरवताना हीही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

— एक वाचक भगिनी, मंचेरियल