उताराचा कैवार

आपल्या मंडळींत एक मत हल्ली वेदवाक्यासारखे चालते. मोबाइलवरचा खेळ म्हणजे निरर्थक. आणि त्यातही नुसते उतारावरून घसरत जाण्याचा खेळ ही तर निरर्थकतेची परमावधी. बुद्धिबळाने निदान बुद्धीला धार येते, शब्दकोड्यांनी शब्दसंग्रह वाढतो. घसरण्याने काय साधते? माझ्या मते खोट खेळात नाही, या प्रश्नात आहे.

शिक्षा ठोठावण्यापूर्वी आरोपीकडे एकदा नीट पाहावे. टोरोंटोच्या 'स्नोमॅन' या संस्थेने २०१८ साली 'आल्टोज ओडिसी' हा खेळ काढला. वाळूच्या टेकड्या, पडक्या देवळांची नगरी, आणि फळीवर उभा राहून खाली घसरत जाणारा एक जीव. बोट टेकवले की तो उडी घेतो. टेकवून ठेवले की हवेत कोलांटी मारतो. वेग सारा उताराचा. खेळणाऱ्याने फक्त क्षण ओळखायचा. याचा एक पूर्वज म्हणजे १९९१ सालचा मायक्रोसॉफ्टचा 'स्कीफ्री'. त्यात बर्फावरून कितीही सफाईने उतरले तरी बहुधा अखेरीस एक हिममानव येऊन खेळाडूला गिळून टाकी. तरीही लोक पुन्हा वर जाऊन उतरू लागत.

म्हैसूरकडे बदलून आलेल्यांना वाळूतल्या देवळांचे चित्र परके वाटू नये. तेथून सुमारे ४५ किलोमीटरवर कावेरीकाठी तलकाड आहे. ही गंगांची राजधानी. चोळांवरील विजयाच्या स्मरणार्थ होयसळ विष्णुवर्धनाने बाराव्या शतकात येथे कीर्तिनारायणाचे देऊळ उभारले. पुढे वाळूने गाव गिळले. लोक तिला अलमेलम्मेच्या शापाची वाळू म्हणतात. सुट्टीच्या दिवशी आपण तेथे जातो, सनावळ्या सांगतो आणि मुले टेकडीकडे पाहत राहतात. थोरांना ज्या वाळूत शाप दिसतो, तिच्यात पोरांना उतार दिसतो. यात पोरांचे चुकते, असे मला वाटत नाही.

फ्रेंच विचारवंत रोजे कैय्वा यांनी १९५८ सालच्या ग्रंथात खेळांचे चार वर्ग केले: स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. झोका, फुगडी, घसरगुंडी ही चौथ्या वर्गातली. तोल क्षणभर सुटावा आणि पुन्हा सापडावा, एवढेच त्यांचे सुख. आपल्याला मात्र पहिलाच वर्ग कळतो, कारण आपला जन्म त्यात गेला. ज्येष्ठता यादी, वेतनवाढ, वार्षिक अहवाल! आयुष्यभर जिने चढणाऱ्याला उतरण्यात आनंद असू शकतो, हे पटावे कसे?

विरोधकांचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. हे सुख निर्भेळ नसते, नाणी आणि उद्दिष्टे यांचे गळ टाकून खेळणाऱ्याला अडकवले जाते, असे ते म्हणतात. गळ असतात, हे खरे. परंतु याच खेळात 'झेन' नावाचा एक प्रकार आहे. त्यात गुण नाहीत, नाणी नाहीत. पडले तर उठावे आणि पुढे घसरावे. त्यातही माणसे रमतात. बक्षीस काढून घेतल्यावरही जे आकर्षण उरते, ते बक्षिसाचे कसे म्हणावे? तेव्हा राग धरायचाच तर नाण्यांवर धरा, जाहिरातींवर धरा. उताराने आपले काही बिघडवलेले नाही.

आणि हा राग किती प्रामाणिक आहे, हेही तपासावे. दर तीन-चार वर्षांनी आपल्या बदलीबरोबर आपल्या मुलांचे अंगण बदलते, सवंगडी बदलतात. सरकारी वसाहतीतली घसरगुंडी मोडली तर तिच्या दुरुस्तीची फाइल 'तातडीची नाही' असा शेरा मारून कोण बाजूला ठेवतो? आपल्यापैकीच कोणीतरी. खरा उतार असा आपणच बंद करायचा आणि मुलाने तो काचेवर शोधला की त्याला उपदेश करायचा, हा न्याय नव्हे.

बोटाखालचा उतार हा पायाखालच्या उताराची बरोबरी करील, असे मी म्हणत नाही. पण दोहोंमागची ओढ एकच आहे, आणि ती ओढ निरर्थक ठरवणाऱ्याच्या हातून मुलांसाठी खरी घसरगुंडीही कधी उभी राहणार नाही. मोबाइल हिसकावून घ्यायचा असेल तर अवश्य घ्यावा. मात्र त्याआधी ती फाइल तेवढी पुढे सरकवावी.