शस्त्रक्रियेआधीचे ताट

घरातील ज्येष्ठ व्यक्तीला कर्करोग झाल्याचे कळले की कुटुंबाचे सारे बळ एकाच दिशेने धावू लागते. रुग्णालय कोणते, शल्यविशारद कोण, खर्च किती, रजा कोणी घ्यायची, रक्तदाते कोठून आणायचे, या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता तीन-चार आठवडे सहज निघून जातात. अखेर शस्त्रक्रियेची तारीख मिळते आणि सर्वांना हायसे वाटते. या धावपळीत एक साधा प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही. या तीन-चार आठवड्यांत आजोबा जेवले किती?

आमच्या नात्यातील एका पंचाहत्तरीच्या गृहस्थांच्या मोठ्या आतड्यातील गाठ काही वर्षांपूर्वी काढण्यात आली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. गाठ पूर्णपणे निघाली. परंतु पुढे जखम भरेना, त्यातच न्यूमोनिया झाला आणि दहा दिवसांत घरी येणारे गृहस्थ पाच आठवडे रुग्णालयात राहिले. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तीन महिन्यांत त्यांचे वजन 62 किलोवरून 53 किलोवर आले होते. सदऱ्याचे खांदे सैल पडले आहेत, हे आम्हा सर्वांना दिसत होते. ‘आजारच तसा आहे, वजन उतरणारच,’ असे म्हणून आम्ही स्वतःची समजूत घातली. रुग्णालयातही वजनाचा आकडा केसपेपरवर लिहिला गेला, पण आधीचे वजन किती होते, हे कोणी विचारले नाही. घरी त्यांना साबुदाण्याची लापशी, भाताची पेज, मोसंबीचा रस आणि शहाळ्याचे पाणी दिले जात होते. मायेत काहीही उणे नव्हते. उणीव होती ती ज्ञानाची.

उतरलेले वजन आणि शस्त्रक्रियेतील धोका यांचे नाते वैद्यकशास्त्राला नवे नाही. हायरम स्टडली या अमेरिकन शल्यविशारदाने 1936 साली जठरव्रणाच्या 46 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे वजन शस्त्रक्रियेपूर्वी 20 टक्क्यांहून अधिक घटले होते, त्यांच्यापैकी एकतृतीयांश रुग्ण दगावले; इतरांमध्ये हे प्रमाण साडेतीन टक्के होते. तेव्हा प्रतिजैविके नव्हती, आजची भूलही नव्हती. आता मृत्यूचे प्रमाण पुष्कळ घटले आहे. पण कुपोषित रुग्णाची जखम उशिरा भरते, त्याला जंतुसंसर्ग लवकर होतो आणि त्याचा रुग्णालयातील मुक्काम लांबतो, हे सूत्र मात्र बदललेले नाही.

वृद्धांच्या बाबतीत हा प्रश्न दुहेरी होतो. वयाबरोबर स्नायू झिजतच असतात. कर्करोग भूक मारतो आणि शरीरात दाह निर्माण करून ही झीज वाढवतो. शस्त्रक्रियेनंतरची अंथरुणावरची विश्रांती त्यात भर घालते. 2007 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तर त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू घटले. निरोगी माणसाची ही कथा. मग आधीच झिजलेल्या रुग्णाचे काय होत असेल? खोकून कफ बाहेर टाकायला, उठून उभे राहायला, जखम सांधायला स्नायू आणि प्रथिने लागतात. ही शिल्लक शस्त्रक्रियेच्या टेबलावर तयार होत नाही. ती आधीच्या आठवड्यांत गाठीला बांधावी लागते.

मग हवे किती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 साली निरोगी प्रौढांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. कर्करोगाच्या रुग्णासाठी ‘एस्पेन’ या युरोपीय पोषणतज्ज्ञ संस्थेची शिफारस किमान 1 ग्रॅम आणि शक्यतो 1.5 ग्रॅमपर्यंत आहे. शिवाय दर किलोमागे 25 ते 30 कॅलरी. म्हणजे 55 किलोच्या आजोबांना रोज किमान 55 आणि शक्यतो सुमारे 80 ग्रॅमपर्यंत प्रथिने हवीत. आता आपल्या घरातील आजारी वृद्धाचे ताट आठवून पाहा. सकाळी चहा आणि बिस्किटे, दुपारी दीड पोळी, पातळ वरण आणि चार घास भात, रात्री मऊ खिचडी, झोपताना कपभर दूध. हिशेब केला तर ही बेरीज तीस-पस्तीस ग्रॅमच्या पुढे क्वचितच जाते. साबुदाण्यात तर पिष्टाखेरीज जवळजवळ काहीच नाही. ‘पचायला हलके’ म्हणून आपण जे देतो, ते पोषणालाही हलकेच असते.

ही तूट भरून काढायला महागडे डबे आणलेच पाहिजेत असे नाही. दाट वरण, पिठले, दाण्याचे कूट घातलेली भाजी, घट्ट दही, पनीर, दुधात कालवलेली दुधाची पावडर, सातूचे पीठ, मेतकूट या सर्व गोष्टी आपल्याच फडताळातील आहेत. अर्धा लीटर दुधातून सुमारे 16 ग्रॅम, 50 ग्रॅम पनीरमधून 9, तर 40 ग्रॅम तुरीच्या डाळीतूनही साधारण 9 ग्रॅम प्रथिने मिळतात. भूक नसलेल्या माणसाला भरलेले ताट पाहूनच नकोसे होते. त्याला दर दोन-अडीच तासांनी थोडे थोडे द्यावे, वरून तूप घालावे आणि झेपेल तेवढे रोज चालवावे. कारण स्नायू केवळ खाण्याने वाढत नाहीत, त्यांना काम लागते.

येथे आपल्या घरांतील दोन नाजूक विषयांना स्पर्श करणे भाग आहे. पहिला उपवासाचा. घरातील माणूस बरा व्हावा म्हणून इतरांनी व्रत धरले तर हरकत नाही. परंतु खुद्द रुग्णाने एकादशी आणि चातुर्मास पाळण्याचा हट्ट धरला, तर त्याला प्रेमाने आवरले पाहिजे. आपल्या धर्मशास्त्रानेच एकादशीच्या उपवासाचे बंधन आठ ते ऐंशी या वयापुरते सांगितले आहे आणि आजाऱ्याला सवलत दिली आहे. ‘उपाशी राहिले की गाठही उपाशी मरते’ या समजुतीला तर शास्त्राचा काडीचाही आधार नाही. उपाशी मरतो तो रुग्ण. दुसरा विषय अंड्याचा. दोन अंड्यांतून बारा-तेरा ग्रॅम उत्तम प्रथिने मिळतात. ज्याला ते वर्ज्य आहे त्याच्या निष्ठेचा आदर राखून दूध-डाळींनी ही गरज भागवता येते. पण ज्याला स्वतःला चालते, त्याला घरच्यांच्या संकोचापायी ते नाकारू नये. शोष झालेल्या रुग्णाला चरकानेही मांसरस सांगितला आहे.

सुश्रुताचे स्मरणही येथे अपरिहार्य आहे. शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला खाऊ घालावे, असे तो सूत्रस्थानात सांगतो. मात्र मूढगर्भ, उदर, मूळव्याध, मुतखडा, भगंदर आणि मुखरोग यांत रिकाम्या पोटी शस्त्रकर्म करावे, असा अपवादही नोंदवतो. आजच्या भुलेचे नियम वेगळे आहेत. तेव्हा सारे आपल्याला आधीच ठाऊक होते, अशी फुशारकी मारण्यात अर्थ नाही. घ्यायचा तो विवेक. उपाशी कोणाला, केव्हा आणि किती वेळ ठेवायचे, याचा त्याने विचार केला होता.

नेमका हाच विचार आपल्या अनेक रुग्णालयांत होताना दिसत नाही. ‘रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही’ ही आज्ञा सरसकट दिली जाते आणि दुपारी तीनला क्रमांक लागणारा वृद्ध पंधरा तास तहानलेला पडून राहतो. भूल देताना पोटातील अन्न फुफ्फुसात जाऊ नये, ही काळजी रास्तच आहे. परंतु घन आहार सहा तास आणि पाण्यासारखी पातळ, निर्मळ पेये दोन तास आधी थांबवणे बहुतेक रुग्णांसाठी पुरेसे असते, हे आता जगन्मान्य आहे. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केह्लेट यांनी 1990च्या दशकात रुग्णाला लवकर उठवण्याची आणि लवकर खाऊ घालण्याची जी पद्धत रुजवली, तिने आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा मुक्काम कमी करून दाखवला. भारतातील अनेक मोठ्या रुग्णालयांनीही ती स्वीकारली आहे. लहान शहरांपर्यंत ती पोहोचायला हवी.

तोंडाच्या किंवा अन्ननलिकेच्या कर्करोगात गिळणेच अशक्य होते. तेथे डॉक्टर नाकातून नळी घालण्यास सुचवतात आणि घरचे घाबरतात. नळी म्हणजे शेवट, ही आपली समजूत सोडली पाहिजे. ती पुष्कळदा शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचवणारा पूल असते. सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले असेल, तर एक-दोन आठवडे पोषणासाठी देऊन शस्त्रक्रिया पुढे ढकलणेही हिताचे ठरू शकते. तो निर्णय अर्थातच डॉक्टरांचा. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असेल, अथवा रुग्ण अनेक दिवस जवळजवळ उपाशी असेल, तर आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकदम भरणा करू नये. त्यातही धोका असतो.

तेव्हा करायचे काय? कुटुंबाने निदानाच्या दिवसापासून दर आठवड्याला वजन लिहून ठेवावे, ते डॉक्टरांसमोर ठेवावे आणि आहारतज्ज्ञाची भेट मागून घ्यावी. रुग्णालयांनी कर्करोगाच्या प्रत्येक ज्येष्ठ रुग्णाला दोन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावेत: वजन घटले का, आणि जेवण कमी झाले का? आणि सेवाकार्य करणाऱ्या आपणा सर्वांसाठीही यात काम आहे. विदर्भ-मराठवाड्यातून टाटा स्मारक रुग्णालयात येणारी कुटुंबे दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळला नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात उतरतात. निवाऱ्याची, रक्ताची, औषधांची चिंता वाहणारे हात समाजात आहेत. त्याच हातांनी रुग्णाच्या डब्यात डाळ, दही आणि पनीर किती आहे, हेही पाहिले पाहिजे. रुग्णाला भेटायला जाताना फळांच्या परडीऐवजी घरचे सातूचे पीठ नेले, तर ती भेट अधिक उपयोगी ठरेल.

आमचे ते गृहस्थ त्या आजारातून वाचले. पण पूर्वीसारखे चालू शकले नाहीत. शल्यविशारदाने आपले काम चोख केले होते. आमच्या वाट्याचे काम आम्हीच केले नव्हते.