विश्लेषण : एसी असूनही कॅम्पर व्हॅनमध्ये पाय का भाजतात?

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले आणि हॉटेलऐवजी गाडीतच मुक्काम करण्याच्या कल्पनेला अधिकृत मान्यता मिळाली. कास, महाबळेश्वर, कोयनानगर, चांदोली अशी ठिकाणे असलेला सातारा-सांगली पट्टा अशा प्रवासासाठी सोयीचा आहे. मात्र व्हॅन घेणारा किंवा भाड्याने ठरवणारा ग्राहक बेड, फ्रिज, शॉवर आणि एसी पाहतो. पुढच्या दोन सीटांमधल्या इंजिनच्या आवरणाकडे त्याचे लक्ष जात नाही. उन्हाळ्यात घाट चढताना चालकाची डावी पोटरी भाजू लागते, तेव्हा ते जाणवते. हा प्रश्न एसीने सुटत नाही. आधी उष्णता अडवायला हवी, गारव्याचा विचार त्यानंतरचा.

इंजिन पायाशी कसे आले?

आपल्याकडे कॅम्पर व्हॅन बहुतेक वेळा प्रवासी व्हॅनच्या सांगाड्यावर बांधली जाते. कमी लांबीत जास्त सीट बसवायच्या, तर नाक आखूड ठेवावे लागते आणि इंजिनचा बराचसा भाग केबिनमध्ये येतो. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये तो पुढच्या सीटांच्या मध्ये असतो. १९८४ ते २०१९ अशी ३५ वर्षे तयार झालेल्या मारुती ओम्नीत इंजिन थेट पुढच्या सीटखाली होते, ईकोतही तेथेच आहे. या दोन जिल्ह्यांतल्या वडाप चालकांना आणि बॉनेटशेजारी बसून एसटी हाकलेल्या जुन्या चालकांना हा ताप नवा नाही. कॅम्परमुळे तो पर्यटकांपर्यंत पोहोचला, एवढाच फरक.

उष्णता किती असते?

एक लिटर डिझेल जळते तेव्हा सुमारे १० युनिट विजेइतकी ऊर्जा बाहेर पडते. त्यातला साधारण एक तृतीयांश किंवा थोडा अधिक भाग चाकांकडे जातो. उरलेली सहा-साडेसहा युनिट उष्णताच असते. दोन किलोवॉटचा गिझर तीन तास चालवला, तर होणाऱ्या उष्णतेएवढी. यातली बहुतेक रेडिएटर आणि सायलेन्सरमार्गे बाहेर जाते. पण छोटासा हिस्सा आवरणातून आत आला तरी केबिन तापायला तो पुरेसा असतो. कूलंटचे तापमान ९० अंशांच्या आसपास असते, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काही शे अंशांपर्यंत तापतो. त्वचेचा स्पर्श तासन् तास राहिला, तर ४४ अंशांच्या आसपासचा पृष्ठभागही इजा करू शकतो. म्हणून दिवसभर गाडी चालवणाऱ्याच्या दृष्टीने हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही.

घाटातच एसी का कमी पडतो?

खंबाटकी, पसरणी किंवा कुंभार्ली घाटात भरलेली व्हॅन खालच्या गिअरमध्ये चढते. इंजिनवर ताण सर्वाधिक, वेग कमी आणि समोरून येणारा वाराही कमी. एसीचा कॉम्प्रेसर याच इंजिनवर चालतो, म्हणजे भार आणखी वाढतो. शिवाय एसीचा कंडेन्सर सहसा रेडिएटरच्या पुढे असतो, त्यामुळे रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. तापमानाचा काटा वर सरकला की अनुभवी चालक सर्वांत आधी एसी बंद करतो. थोडक्यात, ज्या वेळी गारव्याची गरज सर्वांत जास्त, त्याच वेळी तो मिळत नाही.

गाडी थांबल्यावर काय होते?

इंजिन बंद झाले की कूलंटचा पंप थांबतो आणि पंख्याचा वाराही. इंजिनच्या धातूत साठलेली उष्णता मग हळूहळू वर, केबिनकडे येत राहते. पाचगणीला पोहोचून गाडी लावली आणि लगेच काचा-पडदे बंद केले, तर त्यानंतरचा अर्धा-पाऊण तास आतली हवा तापतच राहते. गाडी लावल्यावर समोरासमोरच्या खिडक्या आणि छताचा पंखा काही वेळ चालू ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

यापेक्षा गंभीर मुद्दा वायूचा आहे. ज्या फटीतून गरम हवा आत येते, त्याच फटीतून धूरही येऊ शकतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघांचे मृतदेह सापडले. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचे तपासात पुढे आले. तेथे कारण जनरेटर होते, तरी धडा तोच आहे. एसीसाठी इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून गाडीत झोपू नये आणि मुक्कामाच्या गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असलाच पाहिजे.

उपायांचा क्रम कोणता?

पहिले काम फटी बुजवण्याचे. रात्री इंजिनच्या कप्प्यात बॅटरी लावून ठेवावी आणि केबिनमध्ये पूर्ण अंधार करून पाहावे. जेथून उजेड दिसेल, तेथून गरम हवा येते. आवरणाचे झिजलेले रबर, वायरी आणि केबल जातात ती भोके, सैल क्लिपा ही नेहमीची ठिकाणे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचा पत्रा दुरुस्तीच्या वेळी काढला जातो आणि पुन्हा बसवायचा राहतो, तोही तपासावा.

दुसरे काम आवरणाच्या आतल्या बाजूचे. इंजिनकडे तोंड करून ॲल्युमिनियमचा चकचकीत थर, त्यामागे थोडी हवेची पोकळी आणि मग न जळणारे सिरॅमिक फायबर किंवा ग्लासवूल, अशी रचना लागते. ग्लासवूल सर्व बाजूंनी फॉइलने बंद हवे. त्यात ऑइल मुरले तर आगीचा धोका वाढतो. थर्माकोल, गादीचा स्पंज किंवा जुने कार्पेट तेथे अजिबात वापरू नये. गरम हवा खाली आणि मागे जाण्याची वाटही बुजवता कामा नये, नाहीतर केबिन गार आणि इंजिन गरम, असे होईल.

त्यानंतर सीटमागे जाड पडदा, छताला पंखा आणि सर्वांत शेवटी मोठा एसी. बाजारात मात्र उलट क्रम दिसतो, कारण एसी जाहिरातीत दाखवता येतो.

नियमात काय राहून गेले?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेनुसार, १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक आहे. ट्रकचालकांच्या दृष्टीने हा निर्णय योग्य आणि उशिरा का होईना आवश्यक होता. पण तो मालवाहू गाड्यांपुरता आहे. वडापची ईको किंवा कॅम्पर झालेली व्हॅन त्यात येत नाही. शिवाय तो एसीची सक्ती करतो, इंजिनवरच्या आवरणाची नाही.

व्यावसायिक वाहनांची फिटनेस तपासणी पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी होते. ब्रेक, दिवे, धूर यांच्या यादीत आवरणाचे रबर आणि फटी ही एक ओळ वाढवणे अवघड नाही. तपासायला टॉर्च आणि पाच मिनिटे पुरतात. कॅराव्हॅनला प्रोत्साहन देणाऱ्या सरकारने भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक मुक्कामाच्या गाडीत गॅस अलार्म सक्तीचा करावा. तोवर गाडी ठरवताना ग्राहकाने एसी किती टनांचा हे विचारण्याआधी, तासभर चालवून आणलेल्या गाडीच्या आवरणावर हात ठेवून पाहावा.