करणी त्याची, नाव तिचं!

टीव्हीवर एक गोष्ट फिरून फिरून येते. नवऱ्याचं मन घरातून उडतं, बायकोचा जीव कासावीस होतो आणि मग अंगणात काळी बाहुली नाहीतर टाचण्या टोचलेलं लिंबू सापडतं. झालं! 'तिनं करणी केली.' पुढचे कितीतरी भाग दोन बायका एकमेकींच्या उरावर. आणि नवरा? तो बिचारा भारलेला!

२०१८ साली 'स्टार प्लस'वर सुरू झालेल्या 'नजर' मालिकेत तर चक्क डायनच होती. 'झी मराठी'च्या 'रात्रीस खेळ चाले'नं २०१९च्या दुसऱ्या पर्वात जरा वेगळं दाखवलं. मालिका भुताखेतांची, पण अण्णा नाईकांचा बाहेरख्यालीपणा ही अण्णांचीच करणी होती. माईंचं मुकं दुःखही दिसलं. तरी कौतुक अण्णांच्या रुबाबाचं आणि घर फोडल्याचा ठपका शेवंतावर!

हे पडद्यापुरतं असतं तर मी लिहिलंच नसतं. आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात साखर कारखाने आले, कॉलेजं आली, बायका एमआयडीसीत कामाला जाऊ लागल्या. पण नवऱ्याचं पाऊल वाकडं पडलं की अजूनही कुणीतरी म्हणतंच, 'बाहेरचं काहीतरी असेल, बघून घे.' मग देवऋषी, उतारा, गंडा आणि भिशीचे पैसे त्याच्या घशात. संशयाचं बोट जातं भावकीतल्या विधवेकडे, नाहीतर एकट्या राहणाऱ्या शेजारणीकडे.

त्या बायकोला मी हसणार नाही. करणी असेल तर ती उतरेल आणि माणूस परत येईल, ही वेडी आशा असते तिला. शिवाय नवऱ्याला जाब विचारण्यापेक्षा दुसरीला नाव ठेवणं सोपं.

पण त्या दुसरीचं काय? डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. 'ही करणी करते' म्हणून एखादीचं जगणं मुश्कील केलं, तर सहा महिने ते सात वर्षं कैद होऊ शकते. आणि नवरा छळत असेल, तर २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत. तिथं लिंबू लागत नाही!

मैत्रिणींनो, मालिका जरूर बघा. फक्त जाहिरात लागली की लेकीला, सुनेला एवढंच विचारा, 'या सगळ्यात नवऱ्याला कुणी काही विचारलं का गं?'