डायलिसिस झाले, पण रक्त किती धुतले गेले?

अब्बा डायलिसिसहून घरी आले, चहा प्यायले, की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. चार तासांत रक्तातली घाण किती निघाली, हे मात्र आपल्यापैकी फार थोडे विचारतात. विचारलेच तर क्रिएटिनिन विचारतात. डायलिसिसच्या रुग्णाचे क्रिएटिनिन उतरले म्हणजे सारे ठीक, असे नसते. खाणे तुटले, अंगावरचे मांस झडले, तरी ते उतरते.

पाहायचा असतो तो युरिया. एकाच दिवशी, सुरू करण्यापूर्वी आणि संपताना. समजा, आधी 140 होता आणि नंतर 49. म्हणजे 91 उतरला, शेकडा 65. आठवड्यातून तीनदा डायलिसिस करणाऱ्यासाठी ही किमान पातळी मानतात. नंतरचा युरिया 63 आला तर उतार फक्त 55 टक्के. हिशेब साध्या शेकडेवारीचा आहे, घरातली सातवीची मुलगीही करून देईल.

दुसरे माप 'केटी/व्ही'. अमेरिकेतल्या गॉच आणि सार्जंट या दोघांनी 1985 साली ते पुढे आणले. 'के' म्हणजे मिनिटाला किती रक्त युरियापासून साफ होते, 'टी' म्हणजे वेळ, 'व्ही' म्हणजे शरीरातले पाणी. साठ किलोच्या पुरुषाच्या अंगात सुमारे 35 लिटर पाणी असते. मिनिटाला 200 मिली साफ झाले, तर 240 मिनिटांत 48 लिटर. त्याला 35 ने भागले की 1.37. किमान 1.2 हवे. हाच माणूस तीन तासांत उठला तर 36 भागिले 35, जेमतेम 1.03!

आता रमजानात, जुम्म्याला किंवा घरात निकाह असला की "आज तासभर आधी सोडा" म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावे. आजाऱ्याला रोज्यात सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. इफ्तारला घरी पोहोचायचेच असेल तर सकाळची पाळी मागून घ्यावी, वेळ कापू नये.

वेळ पूर्ण होऊनही आकडा कमी येतो तेव्हा फिस्टुला किंवा नळीतून रक्त नीट येते का, सुई जागेवर आहे का, डायलायझर फार वेळा वापरलेला तर नाही, हे डॉक्टरांना विचारावे. आणखी एक. नंतरचा नमुना मशीनचा पंप मंद करून घ्यायचा असतो. नाहीतर नुकतेच धुतलेले रक्त त्यात मिसळते आणि आकडा उगाच चांगला दिसतो.

पैशांअभावी आठवड्यातून दोनदाच डायलिसिस करणाऱ्यांनी 65 टक्क्यांवर समाधान मानू नये, डॉक्टरांशी बोलावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे; जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी.

महिन्यातून एकदा ही तपासणी करून घ्यावी आणि घरात एक वही ठेवावी. तीत तारीख, आधीचा युरिया, नंतरचा युरिया, किती मिनिटे आणि वजन लिहावे. पुढच्या भेटीत ती डॉक्टरांसमोर उघडावी.