आजींच्या कागदावर पहिलंच चित्र आलं

मंडळी, जरा लांब लिहितोय. पण लालबाग, परळ, दादर, गिरगावात ज्यांच्या चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत, त्यांनी तरी पूर्ण वाचा.

मी नोकरीनिमित्त गावाकडे, तालुक्याच्या ठिकाणी. आमची लालबागची खोली आईच्या नावावर, म्हणून मीटिंगला मी येतो. गेल्या रविवारी आलो. कमिटीने विकासकाचा प्रस्ताव गूगल डॉकमध्ये टाकून लिंक ग्रुपवर पाठवली होती. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी त्याच डॉकच्या प्रिंट काढून वाटल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी कागद चष्म्याजवळ नेला, उलटा करून मागे पाहिलं आणि मला विचारलं, "बाळा, भाड्याचं खंय लिहिलंय?"

मी शोधलं. कुठेच नव्हतं. पान भरून एक चित्र होतं, नव्या टॉवरचं, वर "आपलं घर, आपला हक्क". खाली दोन परिच्छेद आभाराचे.

मग मोबाइलवर डॉक उघडला आणि उलगडा झाला. ते चित्र हलतं होतं. जिफ! टॉवर, मग कार्पेट किती, मग दरमहा भाडं, मग डिपॉझिट, मग अटी, की पुन्हा टॉवर. प्रत्येक चित्र दोनेक सेकंद. स्क्रीनवर झकास दिसत होतं. प्रिंट काढताना मात्र त्या माळेतला पहिला मणी कागदावर उतरला, बाकीचे फोनमध्येच राहिले.

सेक्रेटरी तरुण आहे, मेहनती आहे, रात्री जागून त्याने ते बनवलं. त्याच्या हेतूवर मला शंका नाही. पण मी पत्रकारितेचा डिप्लोमा करताना पेजमेकर शिकलो, पुढे साप्ताहिकाची पानं इनडिझाइनमध्ये लावली, त्यामुळे हा घोळ कुठे होतो ते मला ठाऊक आहे. इनडिझाइनमध्ये हलतं जिफ आणून ठेवलं तर पानावर पहिलीच फ्रेम दिसते. ईपब केलं तर ते हलतं, पण छपाईसाठी पीडीएफ केली की थिजतं. गूगल डॉकमध्ये ते नाचतं, आणि तोच डॉक पीडीएफ म्हणून उतरवला की तिथेही थिजतं. आणि हे सांगणारी कसलीही सूचना येत नाही. पान भरलेलं दिसतं, त्यामुळे काही गळलंय असा संशयही येत नाही. कोरी जागा सुटली असती तर निदान कुणी विचारलं तरी असतं.

हलत्या चित्रांवर माझा राग नाही हो. आपल्याच गिरगावात, कोरोनेशनमध्ये, ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. दादासाहेब फाळके मूळचे छपाईच्या धंद्यातले. त्याआधी त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना एकेक फ्रेम करून टिपलं होतं. हलतं चित्र म्हणजे शेवटी स्थिर चित्रांची रांगच. आणि कागदावर गंमत करता येत नाही असंही नाही. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेल्या ‘आवाज’ दिवाळी अंकातली खिडकीचित्रं आठवा. पानाला कापलेल्या खिडकीतून काहीतरी भलतंच दिसायचं, पान उलटलं की खाली साधीभोळी भानगड! (आमच्या घरी तो अंक वडील कपाटावर ठेवायचे, त्यामुळे आम्हाला स्टूल कुठे असतं ते पाठ होतं.) पण तिथे दोन्ही चित्रं कागदावरच असायची, आणि पान कधी उलटायचं ते वाचणारा ठरवायचा. हवं तर तासभर बघत बसा.

आमच्या डॉकमधलं भाडं मात्र दोन सेकंदांत पसार. थांबवायला बटण नाही. मी स्वतः तीन फेऱ्या होईपर्यंत थांबलो तेव्हा आकडा लिहून घेता आला, आणि माझे डोळे अजून चाळिशीतले आहेत. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साधी अट आहे: आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ हलणारा मजकूर वाचणाऱ्याला थांबवता आला पाहिजे. आपल्या चाळीतल्या आजी-आजोबांना हे लागू नाही की काय?

सकाळच्या शुभेच्छांना, गणपतीच्या आमंत्रणाला जिफ लावा, खुशाल दिवे लुकलुकू द्या. पण ज्या कागदाच्या जोरावर माणूस संमतीची सही करणार, त्यातला एकही आकडा हलता नको. पुढे वाद झाला तर दाखवायचं काय? टॉवरचं चित्र? आणि आम्ही सगळे लिंकवर अंगठा दाखवून मोकळे झालो होतो, त्यात मीही आलो. मीटिंगच्या आदल्या रात्री मी तो डॉक बसमध्ये नुसता सरकवला होता.

एक सोपा उपाय सांगतो. काहीही पाठवण्याआधी त्याची एक काळी-पांढरी प्रिंट काढा आणि ज्याने मोबाइलवर पाहिलेलं नाही अशा माणसाला वाचायला द्या.

सेक्रेटरीने तेच केलं, कुरकुर न करता. खालच्या झेरॉक्सवाल्याकडे बसून अर्ध्या तासात साधा तक्ता केला, मोठ्या अक्षरात, दोन पानं. आजींनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. भाड्याच्या ओळीवर थांबल्या. तिथे लिहिलं होतं, "११ महिन्यांचं भाडं आगाऊ." ही ओळ जिफमध्येही होती, चौथ्या की पाचव्या चित्रात, आम्ही पन्नास जणांनी पाहिलेली.

आजी म्हणाल्या, "आणि बाराव्या महिन्यापासून?"

खोलीत कुणीच बोललं नाही. सेक्रेटरीने प्रश्न वहीत लिहून घेतला. विकासकाकडून अजून उत्तर आलेलं नाही. येत्या रविवारी पुन्हा मीटिंग आहे, संध्याकाळी ६ वाजता, खालच्या पटांगणात. आमच्या चाळीतले जे हे वाचत असतील त्यांनी तो कागद घेऊन या.